लष्कर भागातल्या श्वानवर्गासाठी जागा, माणसे आणि मदत हवी आहे

स. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाने पाळीव कुत्रे आणि त्यांना पाळणारी कुटुंबे यांच्यासाठी रविवारी सकाळी एक विनामूल्य वर्ग सुरू करायचे ठरवले आहे. या वर्गात काठी नसेल, गळा आवळणारी साखळी नसेल, कुत्र्यावर आरडाओरडा नसेल. मंडळाच्या नेहमीच्या वर्गणीत हे काम बसणारे नाही, म्हणून हे आवाहन. काय हवे ते खाली लिहिलेच आहे. पण आधी हे काम आम्हाला एवढे गरजेचे का वाटते ते सविस्तर सांगू द्या, कारण पैशांइतकीच तुमच्या सहमतीचीही गरज आहे.

मंडळाकडे येणाऱ्या कुत्र्यांच्या तक्रारी भटक्या कुत्र्यांच्याच असतील असे वाटेल. पण त्यातल्या बऱ्याच तक्रारी घरात पाळलेल्या कुत्र्यांच्या असतात. दूधवाल्याला चावला, रात्रभर भुंकतो, शिकवणीला येणारी मुले जिना चढायला घाबरतात. सांगितले जाणारे उपायही ठरलेले: दोन रट्टे द्या, उपाशी ठेवा, आणखी आखूड बांधा, आणि तरीही जमले नाही तर लांब नेऊन सोडा. एखादा लॅब्रेडोर गळ्यात पट्टा असूनही मोहल्ल्यात बावरून फिरताना दिसतो, गाड्यांना कसे चुकवायचे हे त्याला कळत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी हा शेवटचा उपाय करून मोकळे झालेले असते.

कुत्र्याला शिकवतात कसे हे समजून घ्यायला ग्वाल्हेरकरांना फार लांब बघावे लागत नाही. झाशी रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत श्वानांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९७० पासून चालू आहे. दलाचे कुत्रे तिथे तयार होतात, तसे राज्यांच्या पोलिसांचेही होतात. अलीकडे तिथे रामपूर हाउंड आणि मुधोळ हाउंड या आपल्या जातींनाही शिकवले जाते. मुधोळ हे कर्नाटकातले घोरपड्यांचे जुने संस्थान, आणि तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी या जातीला आधार दिला हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच जातीच्या रिया नावाच्या कुत्रीने २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीट या पोलीस दलांच्या स्पर्धेत सीमा सुरक्षा दलासाठी पहिला क्रमांक मिळवला. आमच्या वर्गाचा त्या केंद्राशी काही संबंध नाही, हे स्पष्ट करतो. मुद्दा एवढाच की ज्या कुत्र्यांच्या नाकावर माणसांचे जीव अवलंबून असतात, त्या शोधक कुत्र्यांना जगभर बक्षिसावर शिकवतात. योग्य वास सापडला की लाडका चेंडू मिळतो. मार देऊन कुत्र्याला गप्प करता येईल. नाकाने शोध घ्यायला लावता येणार नाही, त्यासाठी त्याला तो शोध आवडावाच लागतो.

आता घरातले उदाहरण घेऊ. बेल वाजली की कुत्रा दाराकडे धावतो आणि येणाऱ्याच्या छातीवर पाय ठेवतो. गुडघ्याने ढकलून पाडा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातून कुत्रा एवढेच शिकतो की पाहुणा आला की आपल्याला मार बसतो, आणि पुढे तोच कुत्रा पाहुण्यांवर गुरगुरू लागतो. वर्गात हे असे शिकवले जाईल: घरातल्याच कोणाला तरी बाहेर पाठवायचे, बेल वाजवायला लावायची. कुत्र्याचे चारही पाय जमिनीवर असतील त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणायचे आणि पनीरचा नखाएवढा तुकडा द्यायचा. उडी मारली तर येणाऱ्याने पाठ फिरवायची. बोलायचे नाही, हात लावायचा नाही, रागावायचेही नाही. पुन्हा बाहेर, पुन्हा बेल. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळायला हवे. कुत्रा बसला आणि तुम्ही डब्याचे झाकण उघडेपर्यंत उठला, तर तो तुकडा उठण्यासाठी दिल्यासारखे होते. म्हणूनच ‘शाब्बास’ महत्त्वाचे. तो शब्द ऐकला की खाऊ येतोच अशी खात्री पटली, की खाऊ दोन पावले लांब असला तरी कुत्र्याला कळते की नेमके काय बरोबर केले.

आपल्या घरांमधली एक खास अडचणही सांगायला हवी. आजी म्हणते ‘बस’, काम करायला येणाऱ्या बाई म्हणतात ‘बैठ’, नातू म्हणतो ‘सिट’. तिन्ही शब्द कुत्रा शिकू शकतो, पण शिकण्याच्या सुरुवातीला हा गोंधळ त्याला पेलत नाही. सोफ्यावर चढले तर काका लाड करतात, काकू चप्पल उगारतात, हेही तसेच. त्यामुळे वर्गाला कुत्र्याबरोबर घरातली किमान दोन माणसे यावीत, अशी आमची अट आहे. अर्ध्याहून अधिक शिक्षण माणसांचेच असते.

गुरगुरण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण चावण्याच्या प्रकरणांत सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. कुत्रा गुरगुरतो तेव्हा तो सांगत असतो की मला हे सहन होत नाही, लांब व्हा. त्याआधीही त्याने सांगितलेले असते: तोंड फिरवले, जिभेने ओठ चाटले, झोप आलेली नसताना जांभई दिली, अंग ताठ केले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला. या खुणा आपण वाचत नाही आणि गुरगुरल्यावर त्याला चापट मारतो. चापटीने भीती जात नाही, फक्त इशारा बंद होतो. मग एक दिवस ताटलीशी हात गेलेल्या लहान मुलाला तो ‘अचानक’ चावतो. गुरगुरणारा कुत्रा दिसला तर मुलाला आधी बाजूला घ्या, ओरडू नका, आणि तो कशाला घाबरला ते शोधा. जेवताना, झोपेत असताना आणि पिलांजवळ असताना कुत्र्याला हात लावायचा नाही, एवढे जरी घरातल्या मुलांना शिकवले तरी मोठे काम होईल. आणि कुत्रा कितीही गरीब असो, लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये.

‘आपण मालक आहोत हे त्याला दाखवायलाच हवे, नाहीतर तो डोक्यावर बसेल’, हे वाक्य आम्हाला घरोघरी ऐकू येते. त्यामागे एक जुना सिद्धांत आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून कळपातल्या वर्चस्वाची मांडणी केली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती लोकांपर्यंत पोहोचवली. पुढे मेक यांनीच मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले असतात. तिथे कोणी मारामारी करून म्होरक्या होत नाही. स्वतःचे ते पुस्तक छापणे थांबावे म्हणूनही त्यांनी प्रयत्न केले. लांडग्यांबद्दलच जे खरे ठरले नाही, त्याच्या नावाखाली आपण कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरतो, हे थांबायला हवे.

मारण्याचा परिणाम मोजूनही झाला आहे. पोर्तुगालमधल्या प्रशिक्षण शाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शिक्षेवर चालणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे जास्त दिसली आणि वर्गानंतर लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताण आला की वाढणारे संप्रेरकही, जास्त वाढलेले आढळले. त्यातल्या एका चाचणीत कुत्र्यांना शिकवले होते की एका बाजूच्या भांड्यात खाऊ असतो, दुसऱ्या बाजूचे रिकामे असते. मग भांडे मध्येच ठेवले. जास्त शिक्षा झालेले कुत्रे त्या भांड्याकडे जास्त रेंगाळत गेले. काही चांगले मिळेल ही आशाच त्यांना कमी होती. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन अभ्यासणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसाचीच पद्धत वापरावी असे निवेदन काढले. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे ते घरबसल्या मागवता येतात. कृपया मागवू नका.

लष्करातल्या जुन्या वाड्यांमध्ये जिन्याखाली किंवा चौकातल्या खांबाला बांधलेले कुत्रे आम्ही पाहतो. सकाळी साखळी, संध्याकाळी साखळी, मधे पोळी-दूध. मालक वाईट असतात असे नाही. आजोबांच्या काळापासून असेच चालत आले आहे. पण दिवसभर बांधलेला कुत्रा पळून जाऊ शकत नाही, म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जाणे एवढेच त्याच्या हाती उरते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरायला न नेणे हाही. कायद्याची भीती घालायची म्हणून हे लिहीत नाही. दिवसातून दोनदा अर्धा तास फिरवून आणा, वाटेत त्याला हवे तिथे थांबून मनसोक्त हुंगू द्या. भुंकणे कमी होते का ते स्वतः पाहा. जो कोणी जड साखळी किंवा गळा आवळणारी साखळी आणून देईल, त्याला मंडळ छातीचा पट्टा आणि सहा फुटी दोरी फुकट देणार आहे. तुमच्या देणगीचा मोठा भाग इथेच खर्च होईल.

कुत्रा पाळणाऱ्यांकडून आमच्याही अपेक्षा आहेत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि नंतर पशुवैद्य सांगतील तशी नियमित. नगर निगमात नोंदणी. नसबंदी. फिरायला जाताना खिशात पिशवी, म्हणजे दुसऱ्याच्या दारातली घाण आपणच उचलायची. रस्त्यावर कुत्रा दोरीला बांधलेलाच हवा. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कोणाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात. आणि कोणाला चावलाच, तर जखमेवर तिखट, चुना, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन इंजेक्शन सुरू करा. चावणारा कुत्रा कोणाच्या घरचा आहे हे पाहून लस टाळू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

नवा कुत्रा आणायचा विचार असेल तर आणण्याआधी वर्गाला या. मे-जूनमध्ये इथला पारा ४५ च्या पुढे जातो. अशा गावात बर्फाच्या प्रदेशातला हस्की आणून त्याला दिवसभर कूलरसमोर ठेवणे हे त्या जिवावर अन्याय करणारे आहे, असे आमचे ठाम मत आहे. गल्लीतलेच एखादे पिल्लू घ्या. इथल्या उन्हाथंडीत ते सहज निभावते, आणि शिकायला तर कुठेही कमी पडत नाही. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे असते तेव्हा जे शांतपणे पाहते-ऐकते त्याची भीती पुढे राहत नाही. लसी पूर्ण व्हायच्या आत त्याला कडेवर घेऊन बाड्यावर, म्हणजे इथल्या गजबजलेल्या चौकात, एक चक्कर मारा: टेम्पो, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, लांबून वाजणारा ताशा, सगळे खाऊ देत देत दाखवा. दिवाळीत पलंगाखाली थरथरणारे कितीतरी कुत्रे असल्या सवयीने वाचले असते.

तर, काय हवे आहे.

पहिली गरज जागेची. चारी बाजूंनी भिंत आणि बंद होणारे फाटक असलेले अंगण, शाळेचे मैदान किंवा वाड्याचा मोठा चौक, रविवारी सकाळी दोन तास. पहिल्या तुकडीत १२ कुत्रे घेणार आहोत. जागा स्वच्छ करून परत देण्याची जबाबदारी आमची.

एका कुत्र्याचा छातीचा पट्टा, दोरी आणि वर्गातला खाऊ यांसाठी साधारण १,२०० रुपये लागतील असा आमचा अंदाज आहे. एका कुत्र्याचा खर्च उचलता आला तर उत्तम. १०० रुपयेही तितक्याच आदराने घेऊ. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि महिन्याचा जमाखर्च कार्यालयाबाहेरच्या फलकावर लागेल. वस्तू द्यायच्या असतील तर जुन्या सतरंज्या, पाण्याची पसरट भांडी, भाजलेले फुटाणे चालतील. चॉकलेट, मनुका, द्राक्षे, कांदा घातलेले पदार्थ मात्र आणू नका. हे कुत्र्यांना विषारी आहे.

माणसे तर हवीतच. बक्षिसाच्या पद्धतीने शिकवणारे प्रशिक्षक, महिन्यातून एक रविवार देऊ शकणारे पशुवैद्य, आणि ज्यांचे पाय दुखतात अशा आजी-आजोबांच्या कुत्र्याला रोज अर्धा तास फिरवून आणणारी महाविद्यालयातली मुले. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांनाही आग्रहाचे बोलावणे आहे. तुम्ही फाटकाबाहेर खुर्चीवर बसा, कोणताही कुत्रा तुमच्याजवळ आणला जाणार नाही. तुम्हाला नेमके कशाचे भय वाटते ते कुत्रा पाळणाऱ्यांनी तुमच्या तोंडून ऐकायला हवे.

नावनोंदणी आणि देणगीसाठी मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत या. कुत्र्याला घेऊन येणाऱ्यांनी लसीचे कार्ड आणावे. वर्गाच्या दिवशी सकाळचे खाणे निम्मेच द्यावे, म्हणजे खाऊची गोडी राहील. माजावर असलेल्या कुत्रीला त्या आठवड्यात घरी ठेवावे. घरच्यांनी तिच्याशिवाय यावे. चावण्याचा इतिहास असेल तर लपवू नका, आधी सांगा. अशा कुत्र्यासाठी वेगळी वेळ ठेवू, आणि त्याला नकार देणार नाही.

आपली,
प्राणी समिती, गणेशोत्सव मंडळ
लष्कर, ग्वाल्हेर