काकाजी, तुमच्या कॉइलमुळे प्रथिनं ग्रिडवर उतरली

आदरणीय काकाजी,

साष्टांग नमस्कार.

ग्रिडचे फोटो तुम्हाला फोनवर पाठवले, तेव्हा तुमचं उत्तर आलं, "छान. कॉइल अजून तापते का?" त्याचं उत्तर पुढे देते. आधी आभार मानू द्या, आणि तेही चारचौघांत. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराला एक ओळ मिळते, तिच्यात "तांत्रिक साहाय्याबद्दल" यापुढे काही मावत नाही. तुम्ही जे केलं ते त्या दोन शब्दांत बसणारं नाही. आकाशवाणीच्या ट्रान्समीटरवर नोकरी केलेल्या माणसाचं ज्ञान प्रथिनांच्या कामी कसं आलं, हे नागपुरातल्या शिकणाऱ्या पोरापोरींना कळावं असं मला फार वाटतं. नाव छापू नको म्हणालात, म्हणून छापत नाही.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून आमचं काम काय ते आधी सांगते. तुम्हाला ते पाठ आहे, तरी थोडं सहन करा.

प्रथिनाचा आकार कळला की ते शरीरात काय करतं आणि औषध त्याला कुठे चिकटेल, हे कळायला लागतं. आज हा आकार पाहायचं मोठं साधन म्हणजे क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल झाक दुबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना याच कामासाठी मिळालं. ग्रिडवर, म्हणजे तीन मिलिमीटर व्यासाच्या जाळीदार चकतीवर, प्रथिनाच्या द्रावणाचा तीनेक मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, टिपकागदानं जवळजवळ सगळा टिपून घ्यायचा, आणि उरलेला पातळ पापुद्रा द्रव इथेनमध्ये इतक्या झटक्यात गोठवायचा की बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच मिळू नये. अडचण त्या पापुद्र्यातच आहे. तो जेमतेम काही दशक नॅनोमीटर जाडीचा असतो. गोठण्याआधीच्या क्षणांत प्रथिन पाण्याच्या पृष्ठभागावर पुन्हा पुन्हा जाऊन आदळतं. हवेला लागलं की काही प्रथिनं उलगडतात, काही तुटतात, काही सगळी एकाच कुशीवर चिकटतात आणि दुसऱ्या बाजूनं दिसतच नाहीत. शिवाय द्रावणात तुटके तुकडे, गुठळ्या, नको ती भेसळ असेल, तर तीही ग्रिडवर येते. अनेक प्रयोगशाळांमध्ये मायक्रोस्कोप तयार असतो आणि गाडी नमुन्यापाशी अडते.

मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंना वस्तुमानावरून वेगळं करणारं यंत्र, इथे उपयोगी पडतो. जॉन फेन यांनी इलेक्ट्रोस्प्रेनं मोठाले रेणू न मोडता हवेत उडवून दाखवले, त्यासाठी २००२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. द्रावण बारीक सुईच्या टोकातून उच्च व्होल्टेजवर फवारायचं. थेंब सुकत जातात आणि शेवटी प्रभार घेतलेलं एकटं प्रथिन उरतं. अमोनियम ॲसिटेटसारखं उडून जाणारं क्षार वापरलं आणि सगळं हळुवार केलं, तर अनेक उपघटकांचं प्रथिनही एकत्र राहतं. मग त्याला निर्वातात नेऊन वस्तुमानावरून निवडायचं, वेग कमी करायचा आणि ग्रिडवर अलगद उतरवायचं. टिपकागद नाही, पाण्याचा पृष्ठभाग नाही, भेसळ नाही. आयन, म्हणजे असे प्रभार घेतलेले रेणू, अलगद उतरवायची कल्पना ग्रॅहम कुक्स यांच्या गटानं १९७७ मध्येच मांडली होती. मायक्रोस्कोपीसाठी ती खऱ्या अर्थानं गेल्या काही वर्षांत आली. विस्कॉन्सिनमध्ये जोशुआ कून यांच्या गटानं ग्लिसरॉलच्या थरावर प्रथिनं उतरवून २०२२ मध्ये त्यांचा त्रिमित आकार काढला. ऑक्सफर्डला स्टेफान राउशेनबाख यांच्या गटानं २०२४ मध्ये बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे प्रथिन थंड ग्रिडवर उतरवलं, तिथेच त्यावर बर्फ चढवला आणि २.६ अँगस्ट्रॉमपर्यंत (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) रचना पाहिली. पाणी निघून गेल्यामुळे प्रथिन थोडं आक्रसलेलं होतं, पण घडण बरीचशी तशीच. तो निबंध मी तुमच्या ओसरीवर वाचून दाखवला होता, आणि "आक्रसलं म्हणजे नेमकं किती?" हा तुमचा प्रश्न मी नंतर सरांनाही विचारला.

आता आमची गोष्ट. सरांना जुना, वापरातून काढलेला मास स्पेक्ट्रोमीटर मिळाला. त्याचे पंप चांगले, क्वाड्रुपोलच्या, म्हणजे रेणू वस्तुमानावरून गाळणाऱ्या भागाच्या, चारही दांड्या सरळ. पण तो छोट्या रेणूंसाठी घडवलेला. वस्तुमान भागिले प्रभार हा आकडा २००० च्या पुढे गेला की आयन दांड्यांमध्ये टिकत नाहीत. ॲपोफेरिटिन किंवा बीटा-गॅलॅक्टोसिडेजसारखं मोठं प्रथिन पन्नासेक प्रभार घेऊन आलं, तरी त्याचा आकडा १०,००० च्या आसपास जातो. नवं यंत्र घेणं आमच्या अनुदानाच्या पलीकडचं होतं. सरांनी गणित फळ्यावर मांडलं होतं: दांड्यांवरचं व्होल्टेज तेच ठेवून रेडिओ कंप्रता (फ्रीक्वेन्सी) निम्मी केली, तर मर्यादा चौपट होते. एक मेगाहर्ट्झवरून ४०० किलोहर्ट्झवर आलो, तर सव्वासहा पट, म्हणजे १२,५०० पर्यंत. कागदावर सुटलं. पण हजारो व्होल्टची, दोन्ही जोड्यांवर सारखी, तासन्‌तास न हलणारी ४०० किलोहर्ट्झची लहर बनवून देणारं माणूस आमच्या विभागात नव्हतं.

सरांच्या ओळखीतून मी तुमच्याकडे आले. क्वाड्रुपोलचं चित्र तुम्ही कितीतरी वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "काऊन वं पोरी, हे तर मीडियम वेव्ह आहे!" खरंच आहे. आपलं नागपूर अ केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर. १९८८ मध्ये राष्ट्रीय चॅनल सुरू झालं, त्यासाठी नागपुरातच १५६६ किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर होता. आमच्या यंत्राची जुनी कंप्रता त्याच टापूतली, आणि नवी त्याच्या जराशी खालची. ज्या लहरींत तुमची उमर गेली जवळजवळ त्याच लहरींवर आमचं प्रथिन तरंगत राहतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

लगेच तुम्ही फरकही काढून दाखवलात, तो मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. रेडिओत आपण कंप्रता बदलून स्टेशन लावतो. क्वाड्रुपोलमध्ये कंप्रता कायम राहते आणि व्होल्टेज बदलून रेणू लावतात. म्हणून कंप्रता जराही सरकली तर रेणूचं स्टेशनच हलतं. मी पुस्तकात मॅथ्यूची, म्हणजे दांड्यांमधल्या आयनांच्या हालचालीची, समीकरणं वाचली होती, पण त्यातलं काय घट्ट धरायचं आणि काय सैल सोडायचं हे तुमच्याकडून समजलं.

कॉइलचं काम मला इथे सविस्तर लिहायचं आहे. दांड्यांची धारिता ठरलेली, त्यामुळे कंप्रता खाली आणायची तर कॉइलचं इंडक्टन्स वाढवायचं, त्याच लांबीत साधारण अडीच पट वळणं. साध्या तारेत एवढ्या कंप्रतेला प्रवाह फक्त कातडीतून वाहतो आणि तार तापते, म्हणून तुम्ही लिट्झ वायर आणायला लावलीत: केसासारख्या बारीक तारा, प्रत्येक वेगळी वार्निश केलेली, एकत्र पिळलेली. तार ज्यावर गुंडाळतात ते फॉर्मर पहिल्यांदा टेफ्लॉनचं केलं. ते डिसेंबरात उत्तम चाललं. एप्रिल उजाडला आणि दुपारी यंत्र सुरात राहीना. टेफ्लॉन उष्णतेनं बरंच फुगतं, कॉइल वाढली की इंडक्टन्स बदलतं, आणि नागपूरच्या मे महिन्याला खोलीतला एसी पुरत नाही. तुम्ही माळ्यावरची लोखंडी पेटी उघडलीत आणि जुन्या ट्रान्समीटर सामानातलं स्टिअटाइटचं, म्हणजे उष्णतेनं फारसं न फुगणाऱ्या चिनीमातीसारख्या पदार्थाचं, पांढरं फॉर्मर काढून माझ्या हातात ठेवलंत. किती वर्षं जपलेलं होतं ते मला ठाऊक नाही. "ठेवून काय करू? चालू यंत्रात बरं" एवढंच म्हणालात. काकाजी, ती वस्तू देताना तुम्ही एक क्षण थांबला नाहीत, आणि मी घरी जाताना रस्ताभर त्याचाच विचार केला.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कॉइल अजून तापते, पण सुरातून जात नाही. इतवारीतून आणलेल्या तांब्याच्या पत्र्याच्या पेटीत ती बसवली आहे, पंखा पेटीबाहेर आहे आणि तुम्ही दिलेल्या गँग कंडेन्सरनं सकाळी एकदा जुळवलं की संध्याकाळपर्यंत हात लावावा लागत नाही.

दोन बाजूंचा समतोल हे दुसरं मोठं काम. समोरासमोरच्या दांड्यांच्या दोन जोड्यांवर व्होल्टेज सारखं आणि उलट दिशेचं हवं. एक जोडी जरा वरचढ झाली, की मधल्या अक्षावर शून्य राहत नाही आणि आयन दारातच विखुरतात. तुम्ही मधल्या टॅपपाशी अर्ध्या-अर्ध्या वळणानं कॉइल सरकवत बसलात. ऑसिलोस्कोपवर दोन्ही लहरी एकावर एक बसेपर्यंत तुम्ही चहालाही उठला नाहीत, काकू दोनदा येऊन गेल्या. (काकूंना माझा नमस्कार. त्यांच्या सांभारवडीचा डबा माझ्याकडेच आहे.)

मग तो पिकोअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागाचा, प्रश्न. ग्रिडवर प्रथिनं उतरताहेत की नाही हे आम्हाला त्यांच्या प्रवाहावरून कळतं. पन्नास पिकोअँपिअर म्हणजे, प्रत्येक प्रथिनावर पन्नास प्रभार धरले तर, सेकंदाला साठ लाखांच्या आसपास प्रथिनं. आकडा मोठा वाटतो, प्रवाह मात्र इतका बारीक की शेजारची हजारो व्होल्टची लहर त्याला सहज गिळून टाकते. तुम्ही सगळ्या अर्थिंगच्या तारा एका ठिकाणी आणायला लावल्यात, मापनाची केबल वेगळ्या वाटेनं नेलीत आणि मीटरचा काटा स्थिर झाला. ट्रान्समीटरच्या शेजारी बसून स्टुडिओची लाइन स्वच्छ कशी ठेवायची, हे ज्यानं रोज केलं त्यालाच हे सुचतं.

आणि सुरक्षेचं. उच्च व्होल्टेजपाशी एक हात खिशात, आणि मेन्स बंद केल्यावरही अर्थिंग रॉड लावल्याशिवाय आत हात नाही. आमच्या दारावर आता हे दोन नियम मोठ्या अक्षरात लिहून लावले आहेत.

निकाल काय लागला ते नीट सांगते, कारण वाढवून सांगितलेलं तुम्हाला आवडत नाही. चोवीस उपघटकांचं ॲपोफेरिटिन क्वाड्रुपोलमधून पार झालं. आम्ही निवडीची खिडकी रुंद ठेवली होती, बारीक निवड अजून करायची आहे. ग्रिडचं व्होल्टेज असं धरलं की प्रत्येक प्रभारामागे दोनेक इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जाच उरावी. कार्बनच्या पडद्यावर, साध्या तापमानाला प्रथिन उतरवलं, युरेनिल ॲसिटेटनं रंगवलं आणि बाहेरगावच्या मायक्रोस्कोपवर पाहिलं. सुमारे बारा नॅनोमीटरची गोल कडी, मधे पोकळ, एकमेकांपासून सुटी. काही चपटलेली आहेत, ती कोरड्या पृष्ठभागावर व्हायचीच. अणूंची जागा दिसेल असं यात काही नाही. पण फुटलेले तुकडे जवळजवळ नाहीत, आणि कडी ओळखू येते. नागपुरात, जुन्या यंत्रावर, हे झालं.

अनुदान मिळालं नाही म्हणून हे काम सोडून द्यावं, असं आमच्यात कितीदा तरी बोलणं झालं होतं. तुमच्याकडून परत येताना ते बोलणं कधी निघालं नाही. तुम्ही पैसे घेतले नाहीत, नाव घेतलं नाही, वर पेट्रोलला पैसे आहेत का म्हणून मलाच विचारलंत. याची परतफेड मला जमणार नाही, आणि तशी भाषा केली तर तुम्ही रागवाल. म्हणून नुसतं धन्यवाद म्हणते, अगदी मनापासून.

आता पुढचं. ग्रिड थंड करायची आहे, द्रव नायट्रोजनच्या तापमानाच्या जवळ, म्हणजे उतरलेलं प्रथिन चपटणार नाही आणि पुढे त्यावर बर्फही चढवता येईल. थंड कप्प्याला जागा करताना कॉइलची पेटी मागे सरकते आणि दांड्यांपर्यंतची तार हातभर लांब होते. लीड आखूड ठेव हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सर म्हणतात वळणं कमी करू, मला वाटतं पेटीच उभी करून वरून उतरवावी. नकाशा काढला आहे. शनिवारी संध्याकाळी तो आणि काकूंचा डबा घेऊन येते. तोवर तुमच्याकडे त्या लिट्झ वायरचं उरलेलं रीळ असेल तर बाजूला काढून ठेवाल का?

तुमची,
क्वाड्रुपोलवाली पोरगी
नागपूर