अण्णा, तुम्ही माझं बोट धरून दाखवलंत

अण्णा,

समोर उभं राहून चार शब्द बोलायला गेलो की माझा गळा दाटतो, आणि तुम्ही लगेच "चहा घ्या मालक" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून काढतोय.

गाडी हेच माझं पोट. सोलापूर स्टेशनवरून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, भाविकांच्या फेऱ्या. जानेवारीत ती ऑइल खायला लागली, मागून निळा धूर. आधीच्या गॅरेजवाल्यानं इंजिन खोललं, नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलल्या आणि बिल हातात दिलं. दोन महिन्यांत धूर परत. पुन्हा गेलो तर म्हणाला, इंजिनचा ब्लॉकच बाद झालाय, भंगारात घाला. पिस्टन ज्यात वर-खाली होतो, त्या बोअरचं माप त्यानं एकदाही घेतलं नव्हतं. तो राग अजून जात नाही. माप न घेता माणसाच्या पोटावर पाय देतात?

मग तोच ब्लॉक तुमच्या दुकानावर आणला. तुम्ही तो धुतलात आणि मला आत हाक मारलीत. हात पुसलेत, माझं बोट धरलंत आणि तीन नंबरच्या बोअरमध्ये वरच्या काठाखाली फिरवलंत. नख कंगोऱ्याला अडकलं. "लागलं का? इथंपर्यंत रिंग येती, इथनं परत फिरती. ताप, दाब सगळा इथंच, आणि ऑइल सगळ्यात कमी." मग बोअर गेज आत सोडलात. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक जागी एकदा उभं, एकदा आडवं. काटा मलाच वाचायला लावलात. वर 0.18 मिमी झीज, खाली जवळपास नव्यासारखं. असल्या लंबगोल, वर रुंद झालेल्या बोअरमध्ये नवी रिंग चिकटून बसणारच कशी? पंधरा वर्षं गाडी चालवतोय, पण मला कुणी असं शेजारी उभं केलं नव्हतं. "तुम्हाला काय कळतंय" म्हणत बाहेरच्या बाकड्यावर बसवायचे.

"ब्लॉक चांगलाय. पन्नास ओव्हरसाइजमध्ये निघतंय," एवढंच म्हणालात. म्हणजे बोअर अर्धा मिमी मोठा करायचा आणि तेवढेच मोठे पिस्टन घालायचे. त्या रात्री मला झोप लागली.

नवे पिस्टन हातात आल्याशिवाय मशीन लावली नाहीत; एकेक पिस्टन मोजून त्याचा त्याचा बोअर काढलात. होनिंग, म्हणजे बोअरला दगडानं शेवटची घासाई, झाल्यावर गरम साबणपाण्यानं ब्लॉक धुतलात आणि आत पांढरं फडकं फिरवलंत. राखाडी निघालं. पुन्हा धुतलंत, पुन्हा राखाडी. बाहेर मे महिन्याचं ऊन, डोक्यावर तापलेला पत्रा, जेवणाची वेळ टळून गेलेली. तिसऱ्यांदा फडकं पांढरं निघालं, ते न बोलता माझ्यासमोर धरलंत आणि मग बोअरला तेलाचा हात फिरवलात. मी तिथं नसतो तरी तुम्ही तिसऱ्यांदा धुतलंच असतं, याची मला खात्री आहे. अशा माणसांच्या जिवावर आमच्यासारख्यांची चूल पेटते, अण्णा.

आज 4,000 किलोमीटर झाले. धूर नाही, डिपस्टिकवरची ऑइलची खूण हललेली नाही.

गुरुवारी अक्कलकोटची फेरी आहे. येताना प्रसाद घेऊन दुकानावर येतो. त्या दिवशी तरी विषय बदलू नका.