तिसरा चेंडू वर गेला, ताई

फिजिओथेरपीच्या ताईंना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

कॉट नंबर अकरा, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, छातीत पू झालेले आजोबा. मी त्यांचा मुलगा. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले, नेमकी तुमची सुट्टी होती. म्हणून हे पत्र. आणि जाहीर, कारण तुमच्या कामाचं नाव कोणी घेत नाही.

न्यूमोनिया झाला आणि आम्ही गावातच साधा ताप समजून तीन आठवडे घालवले. तोवर पू इतका घट्ट झाला की सुईने निघेना. फुप्फुसावर जाड पापुद्रा धरला होता. सर्जन म्हणाले, दुर्बिणीने सोलून काढू. माझ्या चुलत्यांचं असंच ऑपरेशन पूर्वी उघडून झालेलं. पाठीपासून काखेखालपर्यंत चीर, फासळ्या फाकवलेल्या; कित्येक महिने त्यांचा हात वर जात नव्हता. माझ्या वडिलांना, अण्णांना, फक्त तीन भोकं, मोठ्यातलं मोठं बोटाच्या दोन पेरांएवढं. एक फुप्फुस बंद ठेवून दुसऱ्यावर श्वास चालू ठेवतात म्हणे. १९१० साली स्वीडनच्या याकोबियस नावाच्या डॉक्टरांनी मूत्राशय बघायची दुर्बीण छातीत घातली, तिथून हे सुरू झालं, असं सर्जननी सांगितलं. मला व्हिडिओही दाखवला. पिवळट साल चिमट्याने सुटत गेली आणि शेवटी हवा भरल्यावर फुप्फुस पुरीसारखं टम्म फुगलं.

मला वाटलं, झालं काम. भोकं बारकी, म्हणजे दुखणंही बारकं! पण छातीतली नळी टोचायची, म्हणून अण्णा खोकायचेच नाहीत, श्वास अर्धाच घ्यायचे. मीही म्हणायचो, पडू दे त्यांना जरा. तुम्ही मात्र सकाळी साडेसातला हजर. त्यांच्या पोटाशी उशी द्यायचात, "घट्ट धरा आणि खोका". ते तुमच्यावर ओरडायचे, ते ऐकून मलाच लाज वाटायची.

आणि ते श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र. अण्णा त्यात दोन दिवस फुंकत होते! मीच तसं सांगितलं होतं. तुम्ही कपाळाला हात लावलात. "आजोबा, फुंकायचं नाही, ओढायचं. बिडी ओढायचात ना? तसंच. फक्त बिडीशिवाय." पहिला चेंडू टुणकन वर. अख्खा वॉर्ड हसला, अण्णासुद्धा, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तुम्हाला तोच हवा होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग नळीची बाटली हातात धरून तुम्ही त्यांना व्हरांड्यात चालवलंत. "बाटली छातीच्या खालीच ठेवा, वर उचलायची नाही," हे मला इतक्यांदा बजावलंत की घरी आल्यावर पाण्याची कळशी उचलतानाही आठवलं. पाचव्या दिवशी बाटलीतले हवेचे बुडबुडे थांबले, नळी निघाली.

टाके सुकलेत. यंत्र टीव्हीशेजारी असतं, बातम्या लागल्या की अण्णा ते तोंडाला लावतात. तिसरा चेंडू काल वर गेला आणि दोन सेकंद तिथंच राहिला. अण्णा म्हणाले, "त्या पोरीला कळव."

कळवलं.

आपला,
कॉट नंबर अकराचा मुलगा