आरोग्यमंत्री साहेब, कंपवाताच्या पेशंटला दर वेळी तोच डॉक्टर स्क्रीनवर भेटू द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातून लिहितेय. माझ्या सासऱ्यांना, आमच्या अण्णांना पार्किन्सन्स आहे, गावात सगळे कंपवातच म्हणतात. मागणी आधीच सांगून टाकते. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओवरून डॉक्टरला दाखवायच्या सेवेवर, ठरलेल्या वारी पार्किन्सन्सची ओपीडी लावा, त्यावर न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर, बसवा, आणि पेशंटला दर वेळी तोच डॉक्टर मिळेल असं बघा.

ई-संजीवनी चांगलीच आहे, तिला नावं ठेवायला हे पत्र नाही. उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम टॅबवरून डॉक्टर जोडून देतात, ताप, खाज, बीपी असल्या गोष्टींना माणसाचा तालुक्याचा हेलपाटा वाचतो. पण कंपवात एका कॉलमध्ये उरकणारा आजार नाही ना. लेवोडोपा ही कंपवाताची मुख्य गोळी पहिली काही वर्षं छान साथ देते, मग हळूहळू तिचा असर तीन-चार तासांवर येतो, पुढची गोळी लागू पडेपर्यंत माणूस आखडून बसतो आणि डोस वाढवला की अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागतं. म्हणून कधी गोळी अर्धी करायची, कधी वेळ अर्धा तास अलीकडं घ्यायची, जेवणाच्या आधी द्यायची कारण डाळ-दुधातलं प्रोटीन गोळीच्या आड येतं, असं सारखं जुळवत राहावं लागतं, आणि ते ज्यानं मागच्या वेळी बघितलंय त्यालाच नीट जमतं. नवीन डॉक्टर आला की पहिल्यापासून हिस्ट्री सांगा, त्यात अण्णांचा आवाज इतका बारीक झालाय की टॅबवर पलीकडं ऐकूच जात नाही, मग मीच बोलते आणि शेवटी "आहे त्याच गोळ्या चालू ठेवा" एवढंच हाती येतं.

आम्ही ज्यांना दाखवतो ते न्यूरॉलॉजिस्ट छत्रपती संभाजीनगरला असतात. मंठा, जालना करत जायचं, पहाटे निघायचं, त्यांना लघवीची घाई होते आणि एसटी काही मधे थांबत नाही. रस्त्यात आखडू नयेत म्हणून गोळीची वेळ हलवायची, म्हणजे डॉक्टरांसमोर पोचतात तेव्हा गोळी नेमकी चढलेली असते, अण्णा ताठ चालून दाखवतात आणि डॉक्टरांना सगळं बरं दिसतं. खरा त्रास घरात आहे. मधल्या खोलीच्या दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, वरचं अंग पुढं जातं, पाय जागेवरच, आणि माणूस पडतो. शेवटी मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी सांगितलं की दाराच्या अलीकडं-पलीकडं एकेका पावलाच्या अंतरावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या मारा. चुन्यानं मारल्या. आता अण्णा पट्टी ओलांडल्यासारखा पाय उचलतात आणि दार पार करतात, रोज नाही पण बऱ्याचदा. साहेब, दवाखान्यात जे कधी दिसलंच नाही ते एका छोट्या व्हिडिओत दिसलं, पण ते त्या डॉक्टरांच्या चांगुलपणावर झालं, आणि ज्याच्याकडं डॉक्टरांचा नंबर नाही त्यानं काय करायचं?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मागं अण्णांना उलट्या होत होत्या म्हणून एका दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. कंपवातात मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन आधीच कमी पडलेलं असतं, हे औषध त्यालाच अडवतं, म्हणून ते द्यायचं नसतं. त्या दिवशी अण्णांना कूस बदलता येईना, घोट गिळता येईना. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, गर्दीत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण पलीकडं विचारायला न्यूरॉलॉजिस्ट असता, किंवा ई-संजीवनीच्या रेकॉर्डवर ही औषधं टाळा अशी ठळक नोंद असती, तर हे टळलं असतं. असंच लेवोडोपा एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, तरी तालुक्याच्या मेडिकलमध्ये "दोन दिवसांनी या" ऐकावं लागतं. ही गोळी केंद्राच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, मग ती ग्रामीण रुग्णालयात कायम शिल्लक का नसावी? स्क्रीनवर कितीही चांगला डॉक्टर दिसला तरी गोळीच नसेल तर काय उपयोग.

हे होण्यासारखं आहे. अमेरिकेत १९५ पेशंटवर याचा अभ्यास झाला, २०१७ साली तो छापून आला, घरबसल्या व्हिडिओवर बघितलेल्यांची तब्येत नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा मागं पडली नाही आणि प्रवास वाचला. इतक्या लांब कशाला, शेजारच्या कर्नाटकानं बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेला सोबत घेऊन ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह सुरू केलं, प्राथमिक केंद्रांच्या डॉक्टरांना मेंदूच्या आजारांचं ट्रेनिंग दिलं. आपल्याकडं मेडिकल कॉलेजं आहेत, पुण्या-मुंबईत पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी वर्षानुवर्षं काम करणारे गट आहेत, उपकेंद्रात टॅब आहे. फक्त या सगळ्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायचीय.

सगळं स्क्रीनवर होतं असं मी म्हणत नाही. हाताचा ताठरपणा हात धरूनच कळतो, म्हणून पहिलं निदान समोरासमोर व्हावं आणि वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी व्हावी. मधल्या भेटी मात्र उपकेंद्रात होऊ द्या, नेटवर्क गेलं तर आशाताईंनी घरी चालण्याचा, अंगठ्यावर बोट भराभर टेकवण्याचा व्हिडिओ काढून पुढं पाठवावा, आणि बारीक आवाजाच्या पेशंटसाठी माइकवाला इअरफोन ठेवावा, त्याला फार खर्च नाही. कॉलची वेळही पेशंटच्या गोळीच्या हिशोबानं द्यावी, म्हणजे एकदा गोळी उतरलेली असताना बघता येईल आणि एकदा चढल्यावर.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, तेव्हा त्या सर्टिफिकेटचं कामही याच ओपीडीतून मार्गी लागलं तर आखडलेल्या माणसाला जिल्ह्याच्या रांगेत उभं करावं लागणार नाही.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करा, परभणी घ्या नाहीतर हिंगोली. अण्णांची फाईल, गोळ्यांच्या वेळांची वही आणि दारातला तो व्हिडिओ, तुमच्या अधिकाऱ्यांना जे लागेल ते मी द्यायला तयार आहे.

आपली,
जिंतूर तालुक्यातली एक सून