शॉवरचा काचेचा दरवाजा : निवड आधी, माप नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या घरसजावटीच्या पुरवणीतील स्नानगृहाच्या नूतनीकरणावरील लेख वाचला. काचेच्या दरवाजामुळे लहान खोलीही मोकळी वाटते, हे लेखातील म्हणणे मान्य आहे. परंतु दरवाजा हा नळ आणि आरशांबरोबर सर्वांत शेवटी उरकायचा विषय असल्यासारखी मांडणी त्यात झाली आहे आणि माझा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे. दरवाजा कोणत्या प्रकारचा हवा, हे भिंतीचे व फरशीचे काम सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे; त्याचे अंतिम माप मात्र टाइल बसल्यानंतरच घेतले पाहिजे.

याचे कारण काचेच्या घडणीत आहे. शॉवरसाठी टफन्ड काच वापरतात. साधी काच 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर हवेचे जोरदार झोत सोडले की बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि आतला भाग मागाहून आकसतो, त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे सुऱ्यांसारखे लांब तुकडे न होता बारीक, बोथट खडे होतात. परंतु याच ताणामुळे ती नंतर कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. बिजागरीची खाच, मुठीचे भोक, तिरकी कड, सारे काही तापवण्यापूर्वीच करून घ्यावे लागते. पाच मिलिमीटरने मोठी आलेली काच कोणताही कारागीर जागेवर घासून बसवू शकत नाही. ती नव्यानेच करावी लागते. भिंती पूर्णपणे ओळंब्यात क्वचितच असतात, म्हणून टाइल बसल्यावर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. काचेच्या कोपऱ्यात टफन्ड असल्याची न पुसणारी खूण आहे की नाही, हेही घेताना पाहावे.

या काचेचे मर्मस्थान म्हणजे तिची कड. मधोमध बसलेला धक्का सोसणारी काच कडेचा टवका उडाल्यास, कधी काही काळाने, एकदम विखुरते. क्वचित प्रसंगी आत अडकलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळेही ती आपोआप फुटते. हा धोका कमी करण्यासाठी कारखान्यात काच पुन्हा तापवून तपासतात, त्यात सदोष काच बहुधा तिथेच फुटते. तुकडे जागेवरून सुटूच नयेत असे वाटत असेल, तर दोन काचांमध्ये पारदर्शक थर असलेली लॅमिनेटेड काच घ्यावी.

दुसरा प्रश्न वजनाचा. एक चौरस मीटर काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. म्हणजे 70 सेंटिमीटर रुंद, 2 मीटर उंच आणि 10 मिलिमीटर जाड दरवाजा 35 किलोंचा होतो. बिनचौकटीच्या दरवाजात हा सारा भार बिजागऱ्यांमार्फत भिंतीवर किंवा शेजारच्या स्थिर काचेवर येतो. भिंत पोकळ किंवा बोर्डाची असेल, तर तिच्या आत आधार टाइल लावण्यापूर्वीच द्यावा लागतो. त्यापेक्षा चौकटीचा दरवाजा बरा, कारण तिथे 6 मिलिमीटरची काचही चालते. दिसायला तो थोडा जड वाटतो एवढेच.

दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडला पाहिजे, याचा लेखात उल्लेखही नाही. आत कोणी घसरून पडले किंवा चक्कर येऊन कोसळले, तर आत उघडणारा दरवाजा त्या व्यक्तीच्याच अंगाने अडतो. बाहेर जागा नसेल तर सरकता दरवाजा घ्यावा, मात्र त्याच्या खालच्या खोबणीत मळ साचतो. फरशीचा उतार आतल्या जाळीकडे असावा; तो चुकला तर रबरी पट्टी कितीही चांगली असली तरी पाणी बाहेर येणारच. मुठीचा आधार घेऊन उठण्याची सवय कोणालाही लागू देऊ नये. वृद्धांसाठी भिंतीत वेगळा दांडा बसवावा.

क्षारयुक्त पाणी असेल तिथे काचेवर पांढरे डाग पडतात. स्नान झाल्याबरोबर वायपर फिरवणे हाच त्यावर सोपा इलाज. विशेष लेप दिलेली काचही त्यातून सुटत नाही.

दरवाजा लावूच नये, हा पर्यायही लेखात यायला हवा होता. शॉवरची जागा पुरेशी लांब असेल, तर एका बाजूला काचेचे स्थिर पान उभे केले की पुरते. त्याला बिजागरी नाही, झिजणारी पट्टी नाही आणि आत अडकण्याची भीतीही नाही. मात्र अशा जागेत वाफ कोंडून राहत नसल्याने थंड हवेत गारवा जाणवतो आणि शॉवरची धार उघड्या बाजूकडे असेल तर बाहेरची फरशी भिजते, म्हणून शॉवर कोणत्या भिंतीवर घ्यायचा हेही नळजोडणीच्या वेळीच ठरवावे लागते.

आपला,
एक वाचक