लघवीचा रिपोर्ट क्लीन, मग घशाचं काय?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत गुप्तरोगांवर अर्धं पान आलं होतं, चांगलं होतं, पण परमा (गोनोरिया) म्हटलं की लघवीला जळजळ आणि पू, एवढ्यावरच लेख संपला. परमा घशात पण होतो याचा एक शब्द नाही, आणि पुरुष पुरुषाबरोबर झोपतो हे तर कुणाच्या गावीच नाही. म्हणून हे पत्र. नाव छापू नका, आई तुमचा पेपर शब्दकोड्यापासून निधनवार्तांपर्यंत वाचते.

मी तिशीतला, शिरोली एमआयडीसीत कामाला. पुण्यातल्या मित्राचा फोन आला (मित्र म्हणजे काय ते समजून घ्या), म्हणाला घशाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, तू पण बघून घे. मला तर काहीच होत नव्हतं, आदल्या दिवशीच दोन वेळा कट मागवून मिसळ हाणलेली, घसा जरा जरी दुखत असता तर तिथंच कळलं असतं की राव. पण हा रोग घशात बसला की बहुतेक जणांना काहीच त्रास देत नाही, कित्येक आठवडे, कधी महिने गप पडून राहतो आणि तेवढ्यात दुसऱ्याकडं जातो.

गेलो एका डॉक्टरांकडं. जळजळ होते का, नाही. लग्न झालंय का, नाही. बायकांकडं जाता का, नाही. मग लघवीची टेस्ट लिहून दिली, ती निगेटिव्ह आली आणि तुम्हाला काही झालेलं नाही, लग्न करून टाका म्हणाले. घशाचं मीच सांगायला पाहिजे होतं, मान्य, पण दार अर्धं उघडं, बाहेर बाकड्यावर गल्लीतली दोन माणसं बसलेली, कसं सांगणार? समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधनं आपल्याला 2018 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं सोडवलं, त्या बाकड्यावरनं कोण सोडवणार.

शेवटी दुसरीकडनं चिठ्ठी आणून लॅबला गेलो. घशाचा स्वॅब म्हटल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "आता कुठला कोरोना भावा?" काडी टॉन्सिलवर फिरवली तसं डोळ्यात पाणी आलं, ओकारी येता येता राहिली, दहा सेकंदाचं काम. रिपोर्ट पॉझिटिव्ह.

आता पसरतो कसा ते सरळच लिहितो. ओरलमधनं, म्हणजे तोंडानं केलेल्या संभोगातनं, लिंगावरचा जंतू घशात जातो आणि घशातला लिंगावर येतो, थुंकी वंगण म्हणून वापरली तर गुदद्वारात पण जाऊ शकतो. आणि मेलबर्नला पुरुषांवर जो अभ्यास झाला त्यात नुसत्या खोल चुंबनातनं पण एका घशातनं दुसऱ्या घशात जात असावा असं दिसलं, म्हणजे तिथं कंडोमचं काही चालत नाही. ओरलला कंडोम लावला तर धोका कमी होतो हे खरं, पण लावतंय कोण. एका वाटीतनं तांबडा रस्सा प्यायल्यानं मात्र होत नाही, उगाच घरात भांडी वेगळी करू नका.

दुसरी गोष्ट औषधाची. आपल्याकडं मेडिकलवर जाऊन अझिथ्रोमायसीनच्या गोळ्या मागायच्या आणि मोकळं व्हायचं, ही सवय लई वाईट. घशात औषध नीट पोचत नाही, शिवाय तिथं या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद आधीच राहतात, त्यांच्याकडनं हा औषधाला न जुमानायची विद्या उचलतो. 2018 ला इंग्लंडमध्ये एका माणसाला सेफट्रायझोनचं इंजेक्शन दिलं, लघवीतला जंतू गेला, घशातला तसाच राहिला, शेवटी शिरेतनं वेगळं औषध द्यावं लागलं. आणि तो आमच्यातला पण नव्हता, बाईकडनं घेऊन आलेला. म्हणून घशासाठी इंजेक्शनच, आणि आठवड्या दोन आठवड्यांनी परत स्वॅब करून गेला का ते बघायचं. सोबतच्या माणसाला सांगायचं, त्यानंपण तपासायचं, आणि एचआयव्ही सिफिलिसची टेस्ट त्याच फेरीत करून टाकायची.

सरकारी दवाखान्यात गुप्तरोगाची तपासणी फुकट होते, 1097 वर फोन केला तर कुठं जायचं ते सांगतात. डॉक्टर लोकांना एवढीच विनंती, दार लावून घ्या आणि कुणाबरोबर, तोंडानं की कसं, हे तुम्हीच विचारा, आम्ही खरं सांगू. मी दोन आठवड्यांनी परत लॅबला गेलो तेव्हा तो पोरगा म्हणाला, "परत?" म्हटलं परत. निगेटिव्ह आला.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर

ता.क. माउथवॉशनं गुळण्या केल्या की जातो असं आमच्या ग्रुपवर फिरतंय. सुरुवातीला तशी आशा होती खरी, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासात, 2021 ला छापून आलाय, काही फरक पडला नाही. माझी निम्मी बाटली अजून मोरीत पडून आहे.