मित्रास पत्र : पाणी मागताना

मुक्काम अडावदजवळ, ता. चोपडा
चैत्र संपत आलाय, रात्रीचे साडेदहा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. मे महिन्यात वहिनींना आणि मुलांना घेऊन तू गाडीनं खानदेशात येणार, हे वाचून फार आनंद झाला. बाकी सगळं तू ठरवूनच टाकलंयस. विचारलंस ते एवढंच, की गाडीत राहायचं तर पाण्याचं काय करतोस? फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण तसं सांगून टाकावंसं वाटलं नाही. म्हाताऱ्या बायांकडून ओव्या लिहून घ्यायला म्हणून मी निघालो. गावात गाडी उभी केली की पहिला प्रश्न ओवीचा नसतो, पाण्याचा असतो. ओव्यांची पहिली ओळखही बहुतेक वेळा पाणी मागतानाच झाली.

आत्ता एका केळीच्या बागेच्या बांधावर गाडी लावलीय. या आठवड्यात शेतीला रात्रीची लाईट आहे, बाराला येते. ती आली की मोटार सुरू होईल आणि माझी टाकी भरेल. तोवर निवांत लिहितो.

आधी माझा संसार सांगतो. पिण्या-रांधण्याचं पाणी वीस लिटरच्या दोन जारमध्ये. वापरायचं पाणी सीटखाली बसवलेल्या सत्तर लिटरच्या टाकीत. एकट्याला पिणं आणि स्वयंपाक मिळून सहा लिटर लागतं, आता ऊन चढल्यावर आठ. आंघोळ एका बादलीत, भांडी आधी राखेनं पुसून मग तीन लिटरमध्ये. म्हणजे पिण्याचे जार पाच दिवस पुरतात. तुम्ही चौघं असाल, तेव्हा जेमतेम सव्वा दिवसच धर. भरलेल्या पाण्याचंच शंभर किलोच्या वर ओझं होतं, हे टायरात हवा भरताना लक्षात असू दे. आणि टाकी पांढऱ्या प्लास्टिकची घेऊ नकोस. उजेड आत गेला की आठवड्यात शेवाळ धरतं. माझी पहिली टाकी तशीच वाया गेली.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच आठवड्यात यावलकडच्या एका मळ्यात मी मोठी चूक करणार होतो. दुपारची वेळ, बागेच्या कडेला मोठी काळी टाकी, खाली कॉक. आजूबाजूला कुणी नाही. मी जार लावला, कॉक फिरवला, पाणी स्वच्छ, थंडगार. जार अर्धा भरला असेल तेवढ्यात केळीच्या रांगांतून एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, ओरडत धावत आला. मला वाटलं, चोरी केली म्हणून रागावणार. तो म्हणाला, "ओता ते आधी! खताचं पाणी आहे." ठिबकमधून सोडायला युरिया आणि पोटॅश विरघळवून ठेवलेलं होतं. पाण्याला ना वास होता ना रंग. जारच्या तळाशी बोट फिरवून जिभेला लावलं तेव्हा किंचित खारट लागलं, एवढंच. मी तो जार फेकून दिला. त्या माणसानं मला विहिरीपाशी नेलं, मोटारीच्या पाइपातून नवा जार भरून दिला आणि त्याचं नावही न सांगता परत बागेत गेला. म्हणून सांगतो, ठिबकच्या टाकीतून किंवा ठिबकच्या लाइनमधून पाणी कधीही घेऊ नकोस. विहिरीच्या किंवा बोअरच्या तोंडाशी, मोटारीतून थेट पडतं तेच घे. आणि माणूस भेटेपर्यंत थांब. विचारल्याशिवाय कॉकला हात लावायचा नाही, हे मुलांनाही सांगून ठेव.

खानदेशात पाणी कुठे सापडेल याचा अंदाज तापी बघून येतो. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, चोपडा, यावल, रावेरचा पट्टा खोल गाळमातीचा. डोंगरातून आलेलं पाणी पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरतं आणि खाली उतरतं. केळी उभी आहे ती या पाण्यावर. पण बोअर वर्षागणिक खोल चालल्यात. इथल्या मालकाच्या वडिलांच्या वेळची विहीर अजून आहे, काठावर पिंपळ उगवलाय, तळाला फक्त केळीची वाळलेली पानं. विहिरीतच बोअर मारली, मग तीही सोडून बाजूला नवी. तो हे सांगत होता तेव्हा आवाज अगदी सपाट होता, जणू दुसऱ्याच्या घरातली गोष्ट. नदीच्या दक्षिणेला, पारोळा, अमळनेर, शिंदखेड्याकडे, मुरमाखाली काळा पाषाण. पाणी मुरमात आणि दगडाच्या फटींत साठतं तेवढंच. होळी झाली की विहिरी आटायला लागतात. तेव्हा वापरायची टाकी नेहमी नदीच्या उत्तरेला भरून घे आणि मगच दक्षिणेला उतर.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या एका गावात कळलं. सकाळी साडेसहाला पोचलो तर गल्लीत ही गर्दी. मला बरं वाटलं, नळ चालू आहे. एका आजींच्या ओट्यापुढे गाडी लावली आणि म्हटलं, "आजी, पाणी मिळेल का, जार भरायचेत." त्यांनी एक शब्द न बोलता नळीचं तोंड आपल्या हंड्यातून काढून माझ्या जारमध्ये धरलं. मी पैसे काढले तर म्हणाल्या, "पानीना पैसा कोन लेस रे भो?" पहिला जार भरला. दुसरा लावला. तेव्हा माझी नजर त्यांच्या अंगणाकडे गेली. तीन निळे ड्रम, दोन हंडे, एक कळशी, एक घंगाळ, अगदी दुधाची किटलीसुद्धा, प्रत्येकाच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं. शेवटच्या ड्रमचं फडकं अजून सुटं होतं. नळ अकराव्या दिवशी आला होता आणि पाऊण तास चालणार होता, हे मला शेजारच्या पोरानं सांगितलं. मी जार काढला. भरलेला परत ओतायला गेलो तर आजी रागावल्या. दिलेलं पाणी परत घेत नाहीत म्हणाल्या. नळ गेला तेव्हा त्यांचा तो ड्रम निम्माच भरला होता. मित्रा, त्या वीस लिटरमधला प्रत्येक तांब्या मला जड गेला. चार दिवस ते पाणी मी फक्त प्यायला वापरलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी नेरच्या अलीकडे पांझरेच्या काठी मुक्काम होता. तिथली फडपद्धत तू ऐकली असशील. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि कुठल्या फडाला पाणी कधी, हे गावानं मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. पंप नाही, वीज नाही, उतारावर पाणी चालतं. शेकडो वर्षं हे चाललं, काही ठिकाणी अजून तग धरून आहे. तिथे एक म्हातारे बाबा भेटले, आयुष्यभर पाटकरी होते. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर मी पाणी मागितलं. त्यांनी विचारलं, "किती?" मी सवयीनं म्हणालो, "मिळेल तेवढं." बाबा हातातली काठी जमिनीला टेकवून उभे राहिले. म्हणाले, "पाण्याला असं म्हणू नये. आकडा सांगावा. मग देणाऱ्याला कळतं, आपल्याला काय उरलं."

मी चाळीस लिटर म्हणालो. त्यांनी चाळीसच दिलं.

तेव्हापासून मी आकडा सांगतो. गावात शिरलो की आधी विचारतो, नळ कितव्या दिवशी येतो, टँकर चालू आहे का. टँकरचं गाव असेल तर फक्त तांब्याभर प्यायला मागतो, जार गाडीतून काढतच नाही. पाणी बरं असेल तर "दादा, वीस लिटर" एवढंच. तू येऊन बघ, आकडा सांगितला की समोरच्याचा चेहरा मोकळा होतो.

आता पिण्याच्या पाण्याची खात्री कशी करायची ते लिहितो, वहिनी हे आधी विचारतील. मोठ्या गावांत पाण्याचं एटीएम असतं, पाच-दहा रुपयांत जार भरतो, पिण्यासाठी ते सोपं. तिथला माणूस चांगला असला तर आर-ओच्या सांडपाण्याच्या नळीखाली वापरायची टाकी भरू देतो. ते गटारात जाणारंच पाणी असतं, क्षार जास्त असतात पण भांड्यांना चालतं. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी असतं, मागायला लाजू नकोस. हापशाला लाल रंग दिसला तर तिथलं पिऊ नये. माझ्याजवळ टीडीएसचा छोटा मीटर आहे. ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालतं, असं भारतीय मानक सांगतं. पण मीटर फक्त क्षार मोजतो, जंतू नाही. चवीला गोड आणि मीटरवर दोनशे दाखवणारं उघड्या विहिरीचं पाणीही पोट बिघडवू शकतं. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून शंका असेल ते खळखळून उकळायचं, नाहीतर क्लोरिनची गोळी पाकिटावरच्या मापानं टाकून अर्धा तास थांबायचं.

सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. धरणगावकडे एका गावात त्यानं मला कौतुकानं सगळं दाखवलं. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कशी कालवतो, मग शेवटच्या घरच्या नळावर जाऊन काचेच्या नळीत पाणी घेतो आणि क्लोरिन तपासायचे ओटीचे थेंब टाकतो. थेंब पडले आणि पाणी हळूहळू फिक्कट पिवळं झालं. "पिवळं झालं म्हणजे औषध इथपर्यंत पोचलं," तो म्हणाला. रोज सकाळी सायकलवर ही नळी घेऊन तो गावाच्या टोकाला जातो. पगार किती, हे मी विचारलं नाही, त्याच्या चपला बघून कळत होतं.

एक वस्तू मात्र आणच, छागल. आपल्या लहानपणी जीपच्या पुढे लटकायची ती जाड कापडाची पिशवी. गाडीतला जार दुपारी चहाच्या पाण्याइतका तापतो. छागल आरशाला बांधली की कापडातून पाझरतं, वारा लागतो आणि पाणी असं गार होतं की दातांना कळतं. नवी असेल तर दोन दिवस भिजत ठेव, कापड फुगून गळती कमी होते आणि कोऱ्या कापडाचा वासही जातो. माझी बूच हरवलेली आहे, मक्याचा खुंटा लावलाय.

मुलांना बऱ्हाणपूर दाखवू. आज ते मध्य प्रदेशात गेलं, पण फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशची राजधानी तेच. तिथला कुंडी भंडारा १६१५ मध्ये मुघल सुभेदार अब्दुल रहीम खानखानाच्या वेळी झाला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहराकडे आणलंय, वर शंभराहून अधिक कुंड्यांची, म्हणजे विहिरीसारख्या तोंडांची रांग. आत उतरता येतं. चारशे वर्षांचं पाणी पायाखालून वाहताना मी कितीतरी वेळ नुसता उभा होतो. भिंतींवर क्षारांचा पांढरा थर साचलाय, आपल्या चहाच्या भांड्याला बसतो तसाच, फक्त कितीतरी जाड. आणि साक्रीकडे गेलो तर बारीपाड्याला जाऊ. चैत्राम पवारांच्या बरोबर त्या आदिवासी पाड्यानं जंगल राखलं, ओढे अडवले, आणि उन्हाळ्यात कोरडं पडणारं गाव पाण्याचं केलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथलं पाणी पिऊन मग जंगलात जायचं, हा क्रम मी मनाशी ठरवलाय.

उनपदेवला मात्र परवाच जाऊन आलो, इथून जवळच आहे. गोमुखातून बारमाही गरम पाणी पडतं. आंघोळ केली, कपडे कुंडापासून लांब नेऊन धुतले, टाकीतला एक थेंब खर्ची पडला नाही. मुलं तिथून निघायचं नाव घेणार नाहीत.

तू येशील तेव्हा आधी जळगावला भेट, तिथून पुढे मीच बरोबर राहीन. दोन जार जास्तीचे आण. वहिनींना नमस्कार सांग, आणि आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

बागेच्या टोकाला बल्ब लागलाय. लाईट आली वाटतं, बाराला पाच कमी आहेत. मालक स्टार्टरकडे बॅटरी घेऊन चाललेत. मी त्यांना सत्तर लिटर सांगितलेत. नळी धरायला जातो.

तुझाच